सात सप्टेंबरची मडिकेरी

बाबांनी ही गोष्ट दोन हप्त्यांत ऐकली आणि त्या दोन हप्त्यांमध्ये अठरा वर्षं गेली.

पहिला हप्ता १९७० चा. बाबा तेव्हा हवाई दलात नवेनवे एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, वय एकोणीस. रात्रपाळीला चहाच्या किटलीभोवती बसलेल्या एका वयस्क सार्जंटने सांगितलं होतं, की पासष्टच्या लढाईत आदमपूरहून पहाटे मिस्टेअर विमानं गेली, त्यातलं एक परत आलंच नाही. पाडलं की पडलं, कुठे, कसं, कुणालाच माहीत नाही. पायलट कूर्गचा होता. दुसरा हप्ता १९८८ मध्ये पेपरात आला. त्या पायलटला, स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या यांना, मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झालं होतं. घटनेनंतर तेवीस वर्षांनी. बाबांनी ते कात्रण कापून ठेवलं. आमच्या लहानपणी कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात ते होतं आणि त्याला हात लावायचा नाही असा नियम होता.

यंदा बाबा पंचाहत्तरीला टेकले. “मडिकेरीला त्यांचा पुतळा आहे. सात सप्टेंबरला तिथे जाऊन यायचंय,” एवढंच म्हणाले. मी सुट्टी टाकली.

पहिला दिवस, ५ सप्टेंबर

मिरजेहून बंगळूर, तिथून म्हैसूर, हे सगळं सुरळीत झालं. मडिकेरीच्या कोडगू (म्हणजेच कूर्ग) जिल्ह्यात रेल्वे नाही, त्यामुळे म्हैसूरपासून पुढचे एकशेवीस किलोमीटर रस्त्यानेच जावं लागतं. हुणसूरपर्यंत सपाट, तंबाखूची आणि मक्याची शेतं. बैलकुप्प्याला लाल वस्त्रांतले तिबेटी भिक्खू बसमध्ये चढले आणि कुशालनगरला उतरले. तिथे कावेरी ओलांडली की हवा बदलते. खिडकीची काच आधी घामेजली, मग धुक्यात गेली, आणि घाट सुरू झाल्यावर पाऊस असा आला की कंडक्टरने न सांगता सगळ्यांनी खिडक्या ओढून घेतल्या.

मडिकेरी साधारण अकराशे सत्तर मीटर उंचीवर आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला पावसाचा जोर ओसरलेला असतो असं ऐकलं होतं. आम्हाला तसा अनुभव आला नाही. एक सांगून ठेवते: इथे छत्रीचा काही उपयोग नाही. पाऊस आडवा येतो. चांगला रेनकोट, लवकर वाळणारे कपडे आणि बुटांची दुसरी जोडी घेऊन जा. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जात असाल तर कानटोपीसुद्धा.

उतरलो एका कोडव कुटुंबाच्या घरी, गावापासून चार-पाच किलोमीटरवर, कॉफीच्या मळ्यात. घरच्या बाईंना बाबांनी पहिल्या मिनिटापासून ‘अक्का’ म्हणायला सुरुवात केली. बाबांचं ट्रेनिंग बंगळूरच्या जालहळ्ळीत झालेलं, त्यामुळे मोडकंतोडकं कन्नड येतं, आणि ते त्यांनी पन्नास वर्षं या दिवसासाठी जपून ठेवल्यासारखं बाहेर काढलं. अक्कांनी गुळाची काळी कॉफी आणून दिली. बेल्ला कापी म्हणतात तिला. पितळी पेला दोन्ही हातांत धरून बाबा पडवीत बसले ते अंधार पडेपर्यंत.

आत देवघराच्या भिंतीला दोन बंदुका टेकवलेल्या होत्या. नळीच्या तोंडात लाल-पिवळी फुलं खोचलेली, थोडी मलूल झालेली. जवळ जाऊन पाहिलं तर कळलावी! आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणाला उगवते तीच, ज्योतीसारख्या वर वळलेल्या पाकळ्यांची. अक्कांनी सांगितलं, दोनच दिवसांपूर्वी कैलपोळद झाला. भातलावणी उरकली की कोडव लोक शस्त्रांची पूजा करतात, बंदुका स्वच्छ करून मांडतात आणि नळीत हे फूल ठेवतात. त्यांच्या भाषेत त्याचं नावच ‘तोक पू’, बंदुकीचं फूल. मग नारळावर नेम धरायच्या स्पर्धा होतात. आपला दसरा मला आठवला, पण आपण हल्ली पाना-स्क्रू-ड्रायव्हर आणि स्कूटर पुजतो. इथे ज्याची पूजा होते ती चीज अजून वापरातली आहे.

रात्री जेवायला कडंबुट्टू आणि पंदी करी. कडंबुट्टू म्हणजे तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे. सारण न भरलेला उकडीचा मोदक समजा. पंदी म्हणजे डुकराचं मांस, काळपट रश्श्यातलं. त्याचा काळा रंग आणि आंबटपणा कचंपुळीचा. ती आपल्या आमसुलाच्याच कुळातल्या फळाचा रस आटवून करतात, काकवीसारखी दाट. ज्यांना हे मांस चालत नाही त्यांनी आधी सांगावं, बांबूच्या कोंबांची भाजी आणि तांदळाची अक्की ओट्टी मिळते. तीही तितकीच चांगली होती. बाबांनी दोन्ही खाल्लं आणि “मेसमध्ये असं असतं तर रिटायरच झालो नसतो,” म्हणाले.

दुसरा दिवस, ६ सप्टेंबर

सकाळी पाऊस थांबला होता. झाडांखाली मात्र पडतच होता, कारण पानं अजून निथळत होती. कॉफीचा मळा मला आधी जंगलच वाटला. वर सिल्व्हर ओक, त्याच्या खोडावर मिरवेल चढलेली, खाली माणसाच्या उंचीची कॉफीची झुडपं. फळं या दिवसांत हिरवी, घट्ट, फांदीला चिकटून घोसाघोसांनी. तोडणी नोव्हेंबरनंतर. अक्कांच्या मालकांनी आम्हाला फिरवलं. परत आल्यावर माझ्या घोट्यापाशी चार जळवा निघाल्या. ओढून काढू नका, मीठ लावा, आपोआप गळतात. मोजे पँटच्या वर चढवून घातले असते तर हे टळलं असतं.

मग गावात गेलो. जनरल तिमय्यांचं बालपण ज्या घरात गेलं तो ‘सनी साइड’ बंगला आता संग्रहालय आहे, ६ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते खुला झाला. १९५७ ते १९६१ या काळात तिमय्या लष्करप्रमुख होते. निवृत्तीनंतर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख म्हणून सायप्रसला गेले आणि डिसेंबर १९६५ मध्ये तिथेच वारले. त्यांची पत्रं, छायाचित्रं, गणवेश, सगळं मन लावून मांडलेलं आहे. घाईत बघू नका, दीड-दोन तास हाताशी ठेवा. उघडण्याच्या वेळा आणि सुट्टीचा वार मुक्कामाच्या ठिकाणी विचारून मगच निघा.

तिथे बाहेर पडताना बाबांनी करिअप्पांच्या मुलाची हकीकत काढली. फील्ड मार्शल करिअप्पाही इथलेच. त्यांचा मुलगा हवाई दलात हंटर विमान उडवायचा. २२ सप्टेंबर १९६५ ला त्याचं विमान पडलं आणि तो पाकिस्तानच्या हाती सापडला. पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अयुब खान फाळणीपूर्वी करिअप्पांच्या हाताखाली काम केलेले. त्यांनी मुलाची खास काळजी घेण्याची तयारी दाखवली, तेव्हा करिअप्पांनी ती सवलत नाकारली आणि सगळे युद्धकैदी माझीच मुलं आहेत असं कळवलं. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. बाबांचा मुद्दा वेगळा होता. “त्या घरी निदान बातमी तरी गेली. मुलगा जिवंत आहे, अमुक ठिकाणी आहे. पंधरा दिवस आधी याच जिल्ह्यातलं दुसरं घर होतं, त्यांना काहीच कळलं नाही.”

दुपारी ओंकारेश्वर मंदिर (१८२० मधलं, घुमटाचं, मशिदीसारखे मिनार आणि पुढे तळं) पाहिलं, किल्ल्यावरून एक चक्कर मारली. राजाज सीटवर सूर्यास्त बघायला लोक येतात. आम्हाला समोर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसलं नाही, मक्याची कणसं मात्र गरम मिळाली.

संध्याकाळी रिक्षावाल्याला विचारलं, उद्या सकाळी पुतळ्यापाशी सोडशील का? त्याने मागे वळून विचारलं, “कुठल्या?” तेव्हा लक्षात आलं, या लहानशा गावात चौकाचौकात सैनिकच उभे आहेत. करिअप्पा, तिमय्या, मेजर मंगेरिर मुत्तण्णा आणि देवय्या. रिक्षावाल्याने चारही नावं बोटांवर मोजून सांगितली. प्रत्येकाचा हुद्दा लावून.

तिसरा दिवस, ७ सप्टेंबर

बाबा पाचला उठले. दाढी केली. पांढरा सदरा, ब्लेझर, त्यावर आपली तीन पदकं. मी ती पदकं त्यांना लावलेली याआधी फक्त एकदा पाहिली होती, दादाच्या लग्नात.

निघताना अक्का मागच्या दाराने आल्या, हातात कळलावीच्या फुलांची ओली जुडी. कुंपणावरून आत्ताच तोडलेली. “सैनिकासाठी हेच फूल,” म्हणाल्या. आदल्या दिवशी हार घ्यायचा ठरवून आम्ही फुलांचं दुकान हेरून ठेवलं होतं, ते सकाळी बंदच होतं. त्यामुळे आमच्याकडे ती जुडी तेवढीच.

खासगी बसस्टँडजवळचा हा चौक. सकाळची गडबड, शाळेची मुलं, कंडक्टरांच्या आरोळ्या, फुटपाथवर ओल्या पेपरांचे गठ्ठे. मध्ये देवय्यांचा पुतळा. स्मारक म्हटल्यावर मी मनात एक शांत, बाजूला काढलेली जागा धरली होती. इथे तसं काही नव्हतं, सगळं गाव त्याला वळसा घालून कामाला चाललं होतं. बाबांना ते फार आवडलं. “गर्दीत ठेवलाय ते बरं केलं. तेवीस वर्षं एकटाच होता.”

हळूहळू माणसं जमली. माजी सैनिक, काही बायका, काही तरुण मुलं. दोघं-तिघं कोडव वेशात, काळी कुप्या म्हणजे लांब अंगरखा, कमरेला लाल चेले म्हणजे शेला आणि त्यात खोचलेली चांदीच्या म्यानाची पीचे कत्ती, म्हणजे कट्यार. भाषणं कन्नड आणि कोडव तक्क भाषेत झाली, छोटी छोटी. पाऊस भुरभुरत होता, पण कुणी आडोशाला गेलं नाही.

शेजारी एक निवृत्त सुभेदार उभे होते, बाबांच्याच वयाचे. पदकं पाहून त्यांनी हिंदीत विचारपूस केली. बाबा मिस्टेअरवर काम केलेले फिटर आहेत म्हटल्यावर त्यांनी आजूबाजूच्या चार पोरांना बोलावून घेतलं. “यांनी ते विमान हाताने उघडलंय. विचारा.” मग कार्यक्रम संपल्यावर चौकाच्या कडेला चहाच्या टपरीपाशी बाबांनी त्या मुलांना ती पहाट सांगितली. मी ती शंभरदा ऐकली असेन, पण इतकी नीट कधीच नाही.

७ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानातल्या सरगोध्याच्या तळावर हल्ला करायला पहिल्या क्रमांकाच्या स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं अंधारातच निघाली. पुढे विंग कमांडर ओ. पी. तनेजा. देवय्यांचं विमान राखीव होतं. तुकडीतलं एखादं मागे पडलं, तरच त्यांनी जायचं. ते गेले. वय बत्तीस. बाबांनी दोन्ही तळवे आडवे धरले, एक पुढे, एक मागे, सगळे वैमानिक बोलताना धरतात तसे. डावा तळवा म्हणजे मिस्टेअर, फ्रेंच बनावटीचं, जुनं, सरळ उड्डाणात आवाजाच्या वेगाच्या आतलं. उजवा तळवा स्टारफायटर, त्या काळातल्या अमेरिकेच्या सर्वांत वेगवान लढाऊ विमानांपैकी एक, आवाजाच्या दुप्पट वेगाचं. त्यात पाकिस्तानचे फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन. उजव्या तळव्याने मागून येऊन डाव्याला गाठलं, गोळ्या झाडल्या, विमान जखमी झालं.

“आता इथे,” बाबा म्हणाले, “कुणीही घरची वाट धरली असती.” डावा तळवा सावकाश वळला. “हा वळला. जमिनीलगत हे स्टारफायटर त्याच्याशी वळणावळणात गुंतलं आणि तिथे वेगाचा उपयोग नसतो. तिथे मिस्टेअर बरं. देवय्यांच्या तोफेच्या गोळ्या लागल्या, स्टारफायटर कोसळलं. अमजद हुसेन पॅराशूटने वाचले.” मग बाबांनी डावा हात नुसता खाली घेतला आणि खिशात घातला.

एका मुलाने विचारलं, मग कळलं कसं? हाच प्रश्न बाबांना अठरा वर्षं होता. आपल्या बाजूच्या कुणीच ती लढत पाहिली नव्हती. विमान परतलं नाही, म्हणून बेपत्ता. १९७९ मध्ये एका ब्रिटिश लेखकाचं त्या हवाई युद्धावरचं पुस्तक आलं, पाकिस्तानी बाजूच्या माहितीवर लिहिलेलं. स्टारफायटर एका मिस्टेअरने पाडलं हे त्यात होतं. ते मिस्टेअर म्हणजे देवय्याच, दुसरं कुणी असू शकत नाही, हे जुळलं. तनेजांनी पाठपुरावा केला आणि १९८८ मध्ये महावीर चक्र मिळालं, त्यांच्या पत्नीने ते स्वीकारलं. देवय्यांचं शव तिथल्या गावकऱ्यांनी आपल्या शेतात पुरलं, असं पाकिस्तानी हवाई दलाच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने पुढे लिहिलं आहे. आणि ते अमजद हुसेन १९७१ च्या युद्धात अमृतसरजवळ पुन्हा पाडले गेले, तेव्हा मात्र आपल्याकडे युद्धकैदी झाले. म्हणजे खरं काय घडलं ते सांगू शकणारा एकमेव माणूस काही काळ भारतातच होता.

पोरं गप्प उभी होती. सुभेदार म्हणाले, “तुम्हाला आज इथे यावंसं का वाटलं? तुम्ही तर तेव्हा भरतीही नव्हता झालात.”

बाबांनी जरा वेळ घेतला. मग म्हणाले, उड्डाणाआधी प्रत्येक विमानाचं एक रजिस्टर असतं, फॉर्म ७००. फिटर, रिगर, इलेक्ट्रिशियन, आर्मरर, सगळे आपापलं काम तपासून त्यात सही करतात. शेवटची सही पायलटची. त्या सहीनंतर विमान त्याचं. परत आल्यावर तो पुन्हा त्यात लिहितो, काय बिघडलं, काय ठीक आहे, आणि विमान आमचं. “माझ्या तेरा-चौदा वर्षांच्या नोकरीत प्रत्येक फॉर्म परत आला. त्या सार्जंटने सांगितलं होतं, सगळी विमानं उतरली तरी त्या विमानाची पोरं धावपट्टीच्या कडेला चॉक घेऊन उभीच होती. इंधन कधीच संपलं असणार, हे त्यांना पायलटपेक्षा जास्त पक्कं माहीत. तरी उभी. त्यांच्या वतीने आलोय.”

चॉक म्हणजे चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा. मी विचारल्यावर बाबांनी हाताने माप दाखवलं, वीतभर रुंद, दोरी लावलेला.

मग ते पुतळ्यापाशी गेले. हारांचा ढीग होता, शेवंती, झेंडू, गुलाब. त्यांनी कळलावीची जुडी अगदी कडेला ठेवली, दोन पावलं मागे आले, टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला. हात खाली आणायला त्यांना वेळ लागला. मी फोटो काढला नाही. एका पोराने काढला आणि नंतर पाठवला. त्यात बाबांची पाठ दिसते आणि ब्लेझरच्या खांद्यावर पावसाचे थेंब.

ज्यांना या दिवशी जायचं असेल त्यांच्यासाठी: सकाळी लवकर पोचा, कार्यक्रम छोटा असतो आणि चौक नऊनंतर वाहनांनी भरतो. गाडी लांब लावून चालत या. हार आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवा. हिंदी बहुतेकांना येतं, पण कन्नडमध्ये एक नमस्कार म्हणून बघा, माणसं खुर्ची ओढून देतात.

दुपारी सुभेदारांनी आम्हाला घरी जेवायलाच नेलं. नूलपुट्टू, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि कोंबडीचा रस्सा. दोघं म्हातारे कोपऱ्यात बसून एकमेकांच्या पोस्टिंगची गावं मोजत होते, जोधपूर, तेजपूर, पठाणकोट, जणू नातेवाईकांची नावं घ्यावीत.

चौथा दिवस, ८ सप्टेंबर

तळकावेरी, म्हणजे कावेरीचा उगम, आणि भागमंडल करायचा बेत होता, पण रात्रभर पाऊस कोसळला आणि तिकडच्या रस्त्यावर माती आल्याचं कळलं. सोडून दिलं. कोडगूत पावसाळ्यात एक दिवस नेहमी राखून ठेवावा, दरडींचा काही नेम नसतो. अक्कांनी कचंपुळीची छोटी बाटली बांधून दिली आणि अर्धा किलो घरची कॉफी. मिरी आम्ही बाजारातून घेतली. कॉफी घेताना चिकोरी मिसळलेली की नुसती, हे विचारून घ्या.

म्हैसूरला जायच्या बसला थोडा वेळ होता, म्हणून चौकात पुन्हा गेलो. रात्रीच्या पावसाने हार भिजून जड झाले होते. झाडूवाल्या मावशी ओघळून खाली आलेली फुलं टोपलीत भरत होत्या. झेंडू, शेवंती, सगळं. कळलावीची जुडी त्यांनी उचलली, पाहिली, आणि परत होती तिथे ठेवून दिली.

बस सुटली तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते. घाट उतरेपर्यंत ते जागे होते. कुशालनगरला कावेरीवरच्या पुलावर मी पाहिलं, तर झोपले होते, पदकांची डबी मांडीवर, दोन्ही हातांखाली.